अँटीव्हायरस आणि सिस्टिम अपडेट दोन्ही अडले? आधी तारीख बघा (माझा अनुभव)

घरचा जुना डेस्कटॉप. नेट चालू, तरी अँटीव्हायरस अपडेट होईना, सिस्टिम अपडेटही एरर देऊन थांबे. अँटीव्हायरस काढून पुन्हा टाकला, राउटर रीसेट केला; फरक शून्य. डोकं पार उठलं होतं.

कारण स्क्रीनच्या कोपऱ्यात होतं: साल २०१५! अपडेट देणाऱ्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र (त्याची डिजिटल ओळख) ठरावीक तारखांमध्येच वैध असतं. संगणक २०१५ मध्येच असेल, तर त्याच्या लेखी ते अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो जोडणी नाकारतो. तारीख हाताने बदलली की सगळं चाले, पण भिंतीवरचं बटण बंद केलं की पुन्हा २०१५. म्हणजे मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा), वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलेला.

शटडाउन करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेट उघडा, आधी त्याच्या धातूला हात लावा (अंगातली स्थिर वीज निघून जाते), मग क्लिप सारून सेल काढा. नवा सीआर २०३२ अधिकची खूण वर ठेवून बसवा. (बहुतेक बोर्डांना हाच लागतो, जुन्यावरचा नंबर वाचून घ्या.) चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनमध्ये) तारीख-वेळ भरा, सेव्ह करा. टाइम झोन +५:३० आहे ना, ते पाहा. मग सिस्टिम अपडेट, रीस्टार्ट आणि शेवटी अँटीव्हायरस.