जुन्या मियाटाचे हेडलाइट: नवा दिवा नंतर, आधी व्होल्टेज

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये माझ्दाने मियाटा पहिल्यांदा दाखवली. या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीचे वरखाली होणारे डोळे आजही लोकांना वळून बघायला लावतात. १९९७ पर्यंतच्या पहिल्या पिढीत ते होते, पुढच्या पिढीत गेले. अमेरिकेत या गाड्या अजून बऱ्याच फिरतात, वापरलेल्या मिळतात, आणि हौसेने घेणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही आहेत. घेतल्यानंतर पहिल्याच अंधाऱ्या रस्त्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: दिवे लागलेत की नाही?

लागलेले असतात. फक्त त्यांच्याकडे देण्यासारखं फारसं नसतं. अमेरिकेतल्या या गाड्यांत सात इंची गोल सील्ड बीम असतो. काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकाच बंद भांड्यात, फिलामेंट गेला की अख्खा दिवा बदलायचा. अमेरिकेत १९४० पासून कित्येक वर्षं हीच पद्धत सक्तीची होती. या जातीचा नेहमी मिळणारा दिवा म्हणजे एच ६०२४: अप्परला ६५ वॅट, डिपरला जेमतेम ३५. युरोपात आणि आपल्याकडे रुळलेल्या एच-४ बल्बचा डिपर ५५ वॅटचा असतो. शहराबाहेरही आपण बहुतेक वेळ डिपरवरच चालवतो, त्यामुळे हा फरक रोज भोगावा लागतो.

तरीही लगेच नवे दिवे मागवू नका. तीस वर्षांच्या वायरिंगमध्ये अर्धा उजेड वाटेतच मुरत असेल, तर महागडा दिवाही तसाच पिवळा लागेल.

आधी मोजमाप

साधा मल्टिमीटर पुरे. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा. मियाटाची बॅटरी बॉनेटखाली नसते, डिकीत उजव्या बाजूला असते, तिथे व्होल्टेज मोजा. साधारण १४ व्होल्टच्या आसपास आकडा येईल. मग दिवा लागलेला असतानाच, त्याच्या मागच्या प्लगमध्ये पाठीमागून मीटरच्या सुया घालून दिव्याच्या दोन पिनांमधलं व्होल्टेज मोजा. प्लग काढून मोजू नका, कारण करंट वाहत नसेल तर गळती दिसतच नाही आणि मीटर फसवं समाधान देतो.

दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर वायरिंग ठीक आहे. एक व्होल्टच्या वर गेला तर दखल घ्यायला हवी. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो: व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळपास तीस टक्के जातो. म्हणजे बॅटरीपाशी १४ आणि दिव्यापाशी १२.६ असेल, तर जवळपास एक तृतीयांश उजेड तारांमध्येच संपला.

गळती कुठे आहे तेही बघा. मीटरची एक सुई दिव्याच्या अर्थच्या पिनेवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. इथे व्होल्टच्या दोन-तीन दशांशाहून जास्त आकडा आला तर दोष अर्थिंगचा. दिव्याजवळचा अर्थचा बोल्ट उघडा, पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, डायलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आणि गंज रोखणारं) लावून परत आवळा. एवढ्यानेच काम झालं तर खिशाला काही खार नाही.

याच वेळी आणखी एक चाचणी उरका, पुढे रिले (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावताना आणि एलईडी निवडताना ती लागेल. डिपर लावून एका दिव्याचा प्लग काढा. मीटरची काळी सुई बॉडीवर टेकवून लाल सुई प्लगच्या तिन्ही पिनांवर एकेक करून लावा. अप्पर-डिपर बदलल्यावर व्होल्टेज एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर उडी मारत असेल तर स्विचिंग, म्हणजे जोडणं-तोडणं, पॉझिटिव्ह बाजूने आहे. अप्पर-डिपर दोन्हींच्या एकाच सामाईक पिनेवर व्होल्टेज कायम राहत असेल तर स्विचिंग अर्थच्या बाजूने. अनेक जपानी गाड्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात, शिवाय तीस वर्षांत आधीच्या मालकांनी काय काय केलंय याचा भरवसा नसतो. अंदाजावर जाऊ नका, मोजा.

कोणता दिवा घ्यायचा

पहिला आणि माझ्या मते सर्वांत शहाणा पर्याय म्हणजे सात इंची गोल हाउसिंग, ज्यात बल्ब वेगळा बदलता येतो. हेला, सिबिए, कोइटो ही त्यातली जुनी नावं. प्लगची तीन पिनांची रचना सील्ड बीमसारखीच असते, त्यामुळे दिवा सरळ बसतो. युरोपीय छापाच्या दिव्यात एच-४ बल्ब लागतो. अमेरिकेत कायदेशीर दिवा हवा असेल तर काचेवर डॉटची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याची, खूण हवी, आणि त्यात एचबी-२ बल्ब येतो, जो एच-४ चाच जास्त काटेकोर मापाचा भाऊ आहे. पेनसिल्व्हेनिया किंवा व्हर्जिनियासारख्या दरवर्षी सुरक्षा तपासणी असलेल्या राज्यात राहत असाल तर ही खूण बघूनच घ्या.

आता एक सावधगिरीची सूचना, खास आपल्या लोकांसाठी. सुट्टीत पुण्याला गेल्यावर नाना पेठेत जीपसाठीचे सात इंची एच-४ दिवे दिसतात, अमेरिकेच्या मानाने स्वस्त आणि दिसायला तंतोतंत सारखे. बॅगेत टाकायचा मोह होतो. टाकू नका. भारतात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, म्हणून त्या दिव्याचा डिपर डावीकडे वर उचललेला असतो, कडेची पाटी आणि पादचारी दिसावेत म्हणून. अमेरिकेत डावीकडून समोरची गाडी येते. तोच उचललेला झोत थेट तिच्या चालकाच्या डोळ्यांत जाईल, आणि स्क्रू कितीही फिरवले तरी हा दोष जात नाही, कारण तो काचेत आणि रिफ्लेक्टरमध्ये घडवलेला आहे. जपानहून किंवा इंग्लंडहून मागवलेल्या दिव्यांचंही तेच.

दुसरा पर्याय अख्खा एलईडी दिवा. ट्रक-लाइट आणि जे. डब्ल्यू. स्पीकर यांचे सात इंची डॉटवाले दिवे चांगले आहेत. डिपरची वरची कड स्वच्छ असते आणि करंट कमी लागतो. आतलं सर्किट व्होल्टेज स्वतः सांभाळतं, त्यामुळे वायरिंगची थोडीफार गळती चालून जाते आणि खालचा रिलेचा उद्योग सहसा टळतो. पण किंमत बरीच जास्त. मागच्या उष्णता टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या जाड असतात, म्हणून घेण्याआधी दिव्याची खोली मोजा. काच तापत नसल्यामुळे बर्फ वितळत नाही, मिनेसोटात हिवाळ्यात गाडी काढणाऱ्याने काच तापवणारा प्रकारच बघावा. आणि गाडीचं स्विचिंग अर्थच्या बाजूने असेल तर जोडीला त्यासाठीचा अडॅप्टर लागेल.

तिसरा पर्याय, हॅलोजनच्या हाउसिंगमध्ये एलईडी बल्ब खुपसणं. सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत वाईट. रिफ्लेक्टरची प्रत्येक वळण फिलामेंट नेमका कुठे आहे हे धरून आखलेली असते, एलईडीच्या चिप तिथे नसतात. गाडीसमोरचा डांबराचा तुकडा पांढराशुभ्र उजळतो, म्हणून खूप दिसतंय असं वाटतं. लांबचं कमी दिसतं, आणि समोरचा माणूस आंधळा होतो. हाउसिंगमध्ये झेनॉनचे किट घालण्यालाही हेच लागू.

आपल्याकडे जीपवाले हौसेने घालतात ते १००/९० वॅटचे बल्बही नकोत. प्लग वितळतो, रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते.

जुना दिवा काढणं

डॅशबोर्डवर फक्त दिवे वर आणणारं एक बटण आहे. ते दाबून दिवे वर आणा, गाडी बंद करा आणि बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधून रिट्रॅक्टरचा, म्हणजे दिवे वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढून खिशात ठेवा. ही पायरी गाळू नका. दिवे वरखाली करणारी मोटर लहान दिसते, पण बोट सापडलं तर सोडत नाही.

दिव्याभोवतीची प्लास्टिकची चौकट काढा. तिचे स्क्रू पाण्या-मिठाने गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि खाचेत घट्ट बसणाराच स्टार स्क्रू ड्रायव्हर वापरा. आत दिव्याला धरून ठेवणारी स्टीलची रिंग दिसेल. रिंगचे छोटे स्क्रू सोडवायचे आहेत. बाजूला स्प्रिंगच्या ताणावर बसलेले दोन लांब स्क्रू दिसतील, ते झोत वर-खाली आणि डावी-उजवीकडे करण्याचे. त्यांना आत्ता हात लावू नका. रिंग निघाली की दिवा पुढे ओढा, प्लग सरळ मागे खेचा. तो तापून तपकिरी झाला असेल तर आत्ताच बदला.

रिले हार्नेस

व्होल्टेजची गळती एक व्होल्टच्या वर निघाली असेल आणि तुम्ही हॅलोजनच घेत असाल, तर रिले हार्नेससाठी, म्हणजे रिलेसह तारांच्या जुडग्यासाठी, हात आखडू नका. मुद्दा साधा आहे: दिव्याचा करंट जुन्या स्विचमधून आणि बारीक तारांतून नेण्याऐवजी जाड तारेने थेट आणायचा, जुन्या तारांनी फक्त रिलेला इशारा द्यायचा.

दोन रिले लागतील, डिपरला एक, अप्परला एक, प्रत्येकी ३० अँपिअरचे. ३० नंबरच्या पिनेवर जाड पुरवठा, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊ-दहा अँपिअर, तेव्हा प्रत्येक रिलेला १५ किंवा २० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्या, आणि तो जिथून पुरवठा घेता त्याच्या अगदी जवळ. पुरवठ्यासाठी डिकीतल्या बॅटरीपर्यंत तार ओढायची गरज नाही. अल्टरनेटरचा बी प्लस खांब (जिथून त्याची वीज बाहेर पडते) किंवा मुख्य फ्यूज बॉक्समध्ये जिथे जाड तार येते ते टर्मिनल जवळ पडतं. तिथे काम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह मात्र काढाच. तार १४ गेजची किंवा जाड.

कॉइलची दोन्ही टोकं एका जुन्या प्लगच्या पिनांमध्येच जोडा: डिपरच्या रिलेसाठी सामाईक पिन आणि डिपरची पिन, अप्परसाठी सामाईक आणि अप्परची. अर्थसाठी बॉडीवर जाऊ नका. असं केलं की स्विचिंग कुठल्याही बाजूचं असो, रिले चालतो. तयार मिळणारे हार्नेस बहुधा पॉझिटिव्ह स्विचिंग धरून बनवलेले असतात, म्हणून ही युक्ती लक्षात असू द्या. रिलेमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर मात्र प्लस-मायनसची दिशा पाळावी लागते. दुसऱ्या बाजूचा जुना प्लग टेपने बंद करून बांधून टाका.

मियाटात एक अडचण खास आहे: दिवा दर वेळी वर-खाली होतो, म्हणजे त्याच्या तारा दर वेळी वाकतात. तारांना ढील ठेवा, जाळीदार नळीत घाला, धारदार पत्र्यापासून लांब बांधा. टाय आवळण्याआधी मोटरवरची रबरी टोपी काढा, खालच्या गोल मुठीने दिवा हाताने पूर्ण खाली आणि पूर्ण वर फिरवा, आणि तार कुठे ताणते, कुठे चिमटते ते डोळ्यांनी बघा.

नवा दिवा बसवणं

काचेवर वरची बाजू लिहिलेली असते, ती वरच ठेवा. बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा. मागची रबरी टोपी नीट चढवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत बाष्प धरेल. युरोपीय दिव्यात पायलट बल्बसाठी, म्हणजे पार्किंगच्या छोट्या दिव्यासाठी, एक छोटं भोक असतं. तुम्ही पायलट लावणार नसाल तर ते रबरी बुचाने बंद करा, रिकामं ठेवलं की धूळ-पाणी थेट रिफ्लेक्टरवर जातं. एच-४ चा प्लग सील्ड बीमपेक्षा मागे जास्त येतो, म्हणून रिंग आवळण्याआधी पुन्हा एकदा मुठीने दिवा खाली-वर करून बघा.

झोत जुळवणं

सपाट जमीन आणि भिंत शोधा. टायरमध्ये २६ पीएसआय हवा भरा आणि चालकाच्या जागेवर कुणाला तरी बसवा. सुमारे हजार किलोच्या गाडीत माणसाच्या वजनानेही नाक हलतं. भिंतीपासून २५ फूट, म्हणजे ७.६ मीटरवर गाडी उभी करा. प्रत्येक दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर चिकटपट्टीने आडवी रेघ काढा, आणि दोन्ही दिव्यांच्या मध्यासमोर एकेक उभी रेघ.

एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यावर कापड. डॉटच्या नव्या दिव्यांवर व्हीओएल किंवा व्हीओआर असं कोरलेलं असतं, म्हणजे झोत डावी कड बघून जुळवायचा की उजवी. व्हीओआरची डिपरची उजवीकडची कड दिव्याच्या उंचीच्या रेघेवरच यायला हवी, व्हीओएलची डावीकडची कड २.१ इंच, म्हणजे पाचेक सेंटिमीटर खाली. युरोपीय दिव्याची आडवी कड साडेसात ते दहा सेंटिमीटर खाली ठेवा, आणि जिथून ती उजवीकडे वर चढते तो कोपरा उभ्या रेघेवर आणा. स्क्रूचा शेवटचा फेरा नेहमी आवळण्याच्या दिशेने असू द्या, म्हणजे स्प्रिंगचा ताण राहतो आणि जुळवणी खड्ड्यांनी सुटत नाही. अप्पर वेगळा जुळवायचा नसतो, तो डिपरच्या मागे येतो.

आता चौकट लावा, रिट्रॅक्टरचा फ्यूज परत बसवा, बटणाने दिवे चार-पाच वेळा वर-खाली करा. मग दिव्यापाशी पुन्हा व्होल्टेज मोजा, नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहून ठेवा. पहिल्या रात्री अर्धा तास चालवून झाल्यावर रिले आणि प्लग हाताने चाचपा: कोमट चालेल, चटका बसला तर कुठलं तरी क्रिंप (तारेवर दाबून बसवलेलं टोक) कच्चं आहे, ते उघडून पुन्हा दाबा. पुढे कधी खालच्या उंचीच्या स्प्रिंग घातल्यात तर भिंतीसमोर परत उभं राहावं लागेल. आणि त्याआधी टेपने दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, अमेरिकेत ती किमान २२ इंच असावी लागते.