इथली दहावी चार वर्षं चालते

दर उन्हाळ्यात अमेरिकेत, आमच्या न्यू जर्सीत, नवी मराठी कुटुंबं येतात. सप्टेंबरात शाळा सुरू झाली की महिन्याभरात त्यांच्याकडून हमखास ऐकू येतं, "इथे अभ्यासच नाही हो!" मूल तिसरी-चौथीत असतं, दप्तर हलकं असतं, पहिला-दुसरा नंबर वगैरे काही नसतं. आई-बाबांच्या पोटात गोळा येतो आणि मग कुमॉन, रशियन मॅथ असे खासगी क्लास, शनिवारी बुद्धिबळ असं सगळं एकदम सुरू होतं. सोळा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. तुमच्या मुलांना ते भोगायला लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या डोक्यात दहावी-बारावी पक्की बसलेली असते. एक वर्ष दात-ओठ खाऊन अभ्यास, मार्चमध्ये परीक्षा, सुटलो. इथे तशी सुटका नाही. नववी ते बारावी या चारही वर्षांचे ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या एकत्रित गुणपत्रकावर, जातात आणि ते ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजकडे जातं. नववीतल्या ऑक्टोबरमधली साधी क्विझसुद्धा मोजली जाते. त्यात विषयांचे स्तर असतात: साधा, त्याहून अवघड ऑनर्स आणि कॉलेजच्या पातळीचा एपी. एपीला बऱ्याच शाळा जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, जास्त वजन देतात, म्हणून मुलं एकाच वर्षी चार-पाच एपी घेतात. मे महिन्यात प्रत्येक एपीची वेगळी परीक्षा, 1 ते 5 गुणांची. वर कॉलेज प्रवेशासाठीची 1600 गुणांची एसएटी परीक्षा. तिचेही नियम कॉलेजागणिक निराळे: एमआयटीने 2022 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, तर कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी तिच्याकडे बघतच नाही. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज, त्यात अभ्यासाबाहेरच्या दहा उपक्रमांच्या जागा असतात. त्या सगळ्या भरल्याच पाहिजेत असा कुठे नियम नाही, पण मुलं सातवीपासून त्या भरायच्या मागे लागलेली मी पाहिली आहेत.

आणि आपल्या हातात असतं शाळेचं ॲप. प्रत्येक मार्क येताक्षणी पालकांच्या फोनवर वाजतो. एका दुपारी मी कणीक मळत होते. फोन वाजला: केमिस्ट्री, 71. मुलगी अजून बसमध्ये होती. ती दारात बूट काढत असतानाच मी विचारलं, "केमिस्ट्रीत काय झालं?" तिला तो मार्क अजून कळलाच नव्हता. एक बूट पायात, एक हातात, तशीच उभी राहिली. मग काही न बोलता वर गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती घरात आली की थेट खोलीत जायची. जेवताना काहीही विचारलं की उत्तर एकच, "आय ॲम फाइन."

त्या रविवारी मी सूचना बंद केल्या. आता आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, तिच्या शेजारी बसून ॲप बघायचं आणि आधी तिने बोलायचं, एवढंच ठरवलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून हे करा. पोरं घरात शिरल्यावर आधी काही खायला द्या, मार्कांचं नंतर.

हे फक्त माझ्या घरातलं नाही. आमच्याच राज्यात, वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोमध्ये, 2015 साली तिथल्या शाळांच्या प्रमुखांनी, म्हणजे सुपरिंटेंडेंटनी, मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, काही रात्री गृहपाठच द्यायचा नाही असं ठरवलं. पालकांत दोन तट पडले. विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे आशियाई स्थलांतरित पुष्कळ होते. त्यांची भीती मला समजते. आपण अभ्यासाच्या जोरावरच इथवर आलो, ती शिडी कोणी काढून घेतंय असं वाटणारच. पण त्या वादात मी मुलांच्या बाजूची आहे.

मूल नववी-दहावीत असताना आला असाल तर जास्त जपा. भारतातल्या गुणपत्रिका आणताना गुणांची पद्धत समजावणारं शाळेचं पत्रही आणा. आपल्याकडचे 72 टक्के इथे कोणी जसेच्या तसे वाचले तर ते 'सी', म्हणजे मध्यमच ग्रेड, ठरतात. पहिल्याच आठवड्यात गायडन्स काउन्सेलरची वेळ घ्या. विषय कोणते घ्यायचे हे त्यांच्याशी बोलून ठरतं, आणि मूल कोमेजलं तर शाळेत दाद मागायचं पहिलं दारही तेच. पहिल्या वर्षी एपी कमीत कमी ठेवा. नवी भाषा, नवे उच्चार, डबा खायला कोणाच्या टेबलावर बसायचं, हाही त्यांच्यासाठी अभ्यासच आहे.

झोप मोजा. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात. कॅलिफोर्नियाने 2022 पासून कायद्यानेच बहुतेक हायस्कूलं साडेआठच्या आधी सुरू करायला बंदी केली. आमच्याकडे अजून पिवळी बस अंधारात येते. रात्री एक वाजता दिवा दिसला तर कौतुक करू नका, बंद करायला सांगा.

व्हिसाचं बोलणंही त्यांच्या कानावर पडतं. एच-4 वरच्या, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलाला ठाऊक असतं की एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो. ग्रीन कार्डची रांग हा आपला घोर आहे. "आम्ही सगळं सोडून तुझ्यासाठी आलो" हे वाक्य त्यांच्यासमोर कधी उच्चारू नका.

मूल जेवेनासं झालं, मित्र तुटले, सकाळी पोटदुखीचं निमित्त वाढलं, तर "नाटकं आहेत" म्हणू नका. बालरोगतज्ज्ञांशी बोला. नैराश्य किंवा तीव्र चिंतेचं निदान झालं तर शाळेकडे 504 प्लॅन मागता येतो, त्यात परीक्षेला जादा वेळ किंवा इतर सवलती मिळू शकतात. जीवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं कानावर आलं तर त्याच क्षणी 988 या मदतीच्या नंबरला फोन किंवा मेसेज करा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. जीव लगेच धोक्यात असेल तर तातडीच्या मदतीचा नंबर 911. "लोक काय म्हणतील" हे तेवढं विसरा.

आणि पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, गेलात की कोणाचं पोर कुठल्या कॉलेजात लागलं याची चौकशी पोरांच्या देखत नको. कोणी विचारलंच तर सांगा, "ती छान तबला वाजवते," आणि तिला ताट वाढून घ्यायला पाठवा.