गाडीची बॅटरी घरीच बदलताना

साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे सेल्फ जड फिरू लागला की आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. तशी असेल तर आधी पूर्ण चार्ज करून बघा. चार्ज टिकत नसेल तरच नवी घ्या.

नवी घेताना अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता), आकार आणि प्लस टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते जुनीशी जुळवा. बाजू चुकली तर केबल पोचत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएमच लागते, म्हणजे वारंवार स्टार्ट सोसणारी खास बॅटरी. तिथे स्वस्तातली साधी बसवू नका, ती लवकर खराब होते.

इग्निशन बंद, किल्ली बाहेर, बॉनेट उघडं. पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे ईसीयू, गाडीचा कॉम्प्युटर, झोपतो. बहुतेक गाड्यांना १० चा पाना चालतो. आधी मायनस काढा, मग प्लस. उलट केलंत आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. मायनसच्या क्लॅम्पवर सेन्सरचा छोटा डबा असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, तो नाजूक आणि महाग असतो.

क्लॅम्पवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा कालवलेल्या पाण्याने ब्रशने घासून काढा, कोरडं पुसा. बसवताना आधी प्लस. खालची पट्टी घट्ट आवळा. यवतेश्वरच्या घाटात हलणारी बॅटरी फार दिवस टिकत नाही.

गाडी चालू करून पुन्हा मोजा: साधारण १३.८ ते १४.४ हवं. एकदा बटण दाबून काच पूर्ण वर-खाली जाणारं ऑटो बंद पडलं असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. काही गाड्यांत स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नव्या बॅटरीची नोंदही करावी लागते. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, किमतीत वजावट मिळते.