सांगलीत भाड्याचं घर सोडलं आणि डिपॉझिट अडकलं तर
विश्रामबागचा फ्लॅट सोडून दीड महिना झाला तरी माझे ४० हजार आले नव्हते, फोन केला की मालक म्हणायचे रंगालाच २५ हजार गेले, बघू दिवाळीनंतर, आणि दोन वर्षं काका काका म्हणत आल्यामुळं मला जोरात बोलताही येईना. तुमचंही असंच झालं असेल तर आधी फोन बंद करा. फोनवरचं बोलणं हवेत जातं. व्हॉट्सॲपवर नीट आदबीनं लिहा, "काका, कशाकशाचे किती कापताय ते बिलांसकट पाठवा." बिल आलं तर त्यावर बोलता येतं, नाही आलं तर मागितल्याचा पुरावा राहतो.

मग मनाशी प्रामाणिकपणे हिशोब करा. रंग फिका पडणं, कॅलेंडरच्या खिळ्याची भोकं, नळाचा वायसर जाणं ही वापरातली झीज, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातसुद्धा भाडेकरूनं घर परत देताना वाजवी झीज सोडूनच धरलीय. करारात रंगाबद्दल वेगळं काही लिहिलंय का ते मात्र आधी वाचा. बेसिन फुटलं, पंखा गायब झाला, ते आपल्याकडं, पण दहा वर्षं जुन्या पंख्याला नव्याची किंमत का द्यायची? आणि गावभागात किंवा नदीकडच्या बाजूला राहत असाल तर भिंतीची ओल, पापुद्रे नीट बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरात शिरलं होतं तिथली ओल नंतर आलेल्या भाडेकरूच्या नावावर टाकतात, हे मला अजिबात पटत नाही. शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना बरोब्बर माहीत असतं. राहायला येताना काढलेले फोटो, व्हिडिओ इथंच कामाला येतात.

करारच केला नव्हता म्हणून घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. डिपॉझिट रोख दिलं असेल तर तेवढी अडचण होते, म्हणून जुने मेसेज, बँकेतनं पैसे काढल्याची नोंद शोधून ठेवा.

तरी हलले नाहीत तर १५ दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलंय, तेव्हा काउंटरवर पोच पाहिजे असं सांगूनच पाठवा. पोलिसात बहुतेक वेळा हा दिवाणी मामला म्हणूनच सांगतात, पण मालकानं धमकी दिली किंवा तुमचं सामान कोंडलं तर जरूर जा. एरवी विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा, दावा लावायच्या आधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवता येतं, तिथं तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी आणि त्यावर अपील नाही. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. दावा मात्र डिपॉझिट परत मिळायला हवं होतं तेव्हापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, त्यामुळं दिवाळीनंतर, पाडव्यानंतर करत बसू नका.

माझं नोटिशीवरच मिटलं. बेसिनला तडा माझ्याच हातनं गेला होता, त्याचे ३ हजार मी आपणहून सोडले आणि ३७ हजार खात्यावर आले.