जुन्या मोटरसायकलचं इंजिन आतून गेलंय? या चुका टाळा

इंजिनातून खोल ठोका यायला लागला की 'रेस वाढवून बघू, आवाज जातो का' हा मोह आवरत नाही. बिग एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) बेअरिंग गेलेलं असेल, तर एवढ्या रेसमध्येही रॉड क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो. क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि गाडी टेम्पोत लादून आणा.

पिस्टन धरला, म्हणजे गरम होऊन सिलिंडरमध्ये अडकला असेल, तर फसगत वेगळीच. तासाभरात इंजिन थंड होतं, किक फिरते, आणि 'सुटलं' म्हणून गाडी पुन्हा चालू केली जाते. प्रत्यक्षात पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) फासलेलं असतं आणि रिंगा खाचांत दबलेल्या असतात. पुढच्या खेपेला पिस्टन आधी आणि जास्त जोरात धरतो.

सगळ्यात महागात पडते ती इंजिन खोलायची घाई. पिस्टन का धरला, याचा पुरावा बहुतेकदा इंजिनाबाहेर असतो आणि पाने चालवले की तो नाहीसा होतो. आधी इग्निशन टायमिंग मोजून लिहून ठेवा, कार्ब्युरेटर आणि हेडमधला जोड हवा ओढतोय का ते पाहा, मेन जेटचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या मुख्य छिद्राचा) नंबर टिपून ठेवा. स्पार्क प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरंफटक असून त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी दिसले, तर पिस्टन वितळायला लागला होता. मिश्रण हलकं (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा टायमिंग पुढे गेलेलं. हे न शोधता नवा पिस्टन टाकला तर तोही त्याच वाटेने जाणार.

ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून काढा. चुंबकाला चिकटतो तो चुरा पोलादाचा किंवा बिडाचा: बेअरिंग, गिअर, रिंगा. न चिकटणारे चंदेरी कण बहुधा पिस्टनचे, सोनेरी कण ब्राँझच्या बुशचे. मऊ, करड्या पापुद्र्या दिसल्या तर बिग एंडच्या बेअरिंगचा मऊ धातूचा थर (व्हाइट मेटल) सुटलाय.

ब्लॉक काढल्यावर रॉड हलवून 'बिग एंड गेलं' म्हणणारे बरेच. रॉड बाजूला थोडा सरकणं ठीकच, तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. क्रँक वरच्या टोकाला आणा, रॉड सरळ धरा आणि फक्त वर-खाली ओढून पाहा. त्या दिशेला जाणवेल एवढा खेळ असेल तर बिग एंड गेलंच. जाड ऑइल हा खेळ लपवतं, म्हणून आधी रॉकेलने धुऊन घ्या.

बिडाच्या बोअरवर फासलेलं ॲल्युमिनियम घासून काढू नका. कॉस्टिक सोड्याचं द्रावण बोळ्याने लावलं की ते विरघळतं आणि खालचं बीड तसंच राहतं. खरी ओरखड किती खोल आहे ते तेव्हाच कळतं. हातमोजे, चष्मा हवाच. ॲल्युमिनियमच्या किंवा कोटिंग केलेल्या ब्लॉकला मात्र हे द्रावण लावू नका.

बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा ठरलं, तर पिस्टन आधी हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोअर. रिंगेच्या तोंडातली फट बोअरमध्येच, फीलर गेजने मोजा. एअर-कूल्ड इंजिनात ७० मिमी बोअरला साधारण ०.२८ मिमी धरतात. फट कमी पडली तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि नवं काम पुन्हा धरतं. गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) सर्क्लिप नवेच टाका.

आता गाळ. जुन्या ट्रायम्फ आणि बीएसए ट्विनच्या (दोन सिलिंडरच्या इंजिनांच्या) क्रँकमध्ये गाळ साठायची नळी असते. क्रँक फिरताना जड कचरा तिच्यात फेकला जातो. ती भरली की बिग एंडला ऑइल पोचत नाही. बेअरिंग नवं, नळी मात्र जुन्या गाळाने भरलेली, अशी इंजिनं पुन्हा जातात. नळीच्या तोंडाचा प्लग (बूच) पंच मारून अडकवलेला असतो, म्हणून ती खूण आधी ड्रिलने उडवा. ट्रायम्फ ६५० मध्ये फ्लायव्हीलचा एक बोल्ट नळीला अडवून असतो. तो न काढता नळी ओढली तर ती फाटते. ऑइलची टाकी, पाइप, पंपही धुवा, चुरा तिथेही पोचलेला असतो.

ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत असलेलं) इंजिन बांधून झालं की स्पार्क प्लग काढून, त्याची वायर अर्थ करून, टाकीत परतीचं ऑइल पडेपर्यंत किक मारत राहा. मग चालू करा आणि पुन्हा टाकीत डोकवा. धार दिसत नसेल तर लगेच बंद. प्लंजर पंपात बऱ्याचदा एखादा कण व्हॉल्व्हच्या गोळीखाली अडकलेला असतो.