लहान मूल घेऊन गोव्यात राहायला येताय? आधी उंदराचं ‘औषध’ शोधा

सांगलीहून फोंड्याला येऊन मला 19 वर्षं झाली. नवीन येणारी मराठी मंडळी शाळा, गॅस, भाडेकरार असं सगळं विचारतात. पदरात लहान मूल असेल तर मी त्यांना पहिल्यांदा सांगते, सामान लावायच्या आधी घरात उंदराचं विष कुठं ठेवलंय ते शोधा.

इथली घरं कौलारू, छपराला टेकलेले माड, मागच्या खोलीत नारळांचा ढीग. जूनमध्ये पाऊस लागला की उंदीर आत शिरतात. मग कुणीतरी माळ्यावर, ओट्याखाली, फ्रिजमागे विष ठेवतं. भाडेकरू बदलतो, विष तिथंच राहतं. आमच्या पहिल्या घरात माझी दीड वर्षाची मुलगी कपाटामागून निळा तुकडा घेऊन आली, ओठही निळे. मी मिठाचं पाणी करायला धावले. शेजारच्या काकींनी हात धरला, ‘‘कांय दिवं नाका, इस्पितळांत व्हर तिका.’’ म्हणजे काही देऊ नकोस, तिला इस्पितळात ने. त्यांचं ऐकलं हे आमचं भाग्य.

मिठाचं पाणी देऊ नका, घशात बोट घालून उलटी काढू नका. दूध, तूप, तेल तर अजिबात नको. काही विषं स्निग्ध पदार्थाबरोबर अंगात लवकर भिनतात. तोंडातला उरलेला तुकडा बोटानं काढा, ओल्या फडक्यानं तोंड-हात पुसा, कपडे बदला. मूल गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर कुशीवर निजवा. 108 ला फोन करा. विषाचं पाकीट, ट्यूब, चुरा, जे मिळेल ते सोबत घ्या, आणि किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा. उपचार ठरतो तो नेमकं काय खाल्लं यावरून.

कारण उंदराचं विष एकाच जातीचं नसतं. रंगीत वड्यांमधलं बहुतेक वेळा रक्त गोठू न देणारं असतं. मूल दोन-तीन दिवस छान खेळतं, मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग उठतात. यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. माझ्या मुलीचं रक्त गोठण्याची तपासणी दोन दिवसांनी पुन्हा केली, तेव्हा कुठं आम्हाला झोप लागली. करडी-काळी पूड बहुधा झिंक फॉस्फाइडची. ती पोटातल्या आम्लात विषारी वायू सोडते. उलट्या, पोटदुखी, धाप, आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. त्या उलटीजवळ नाक नेऊ नका, गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

सगळ्यात जास्त भीती मला ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टची वाटते. दिसायला टूथपेस्टसारखी, म्हणून मुलं तोंडात घालतात. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग मूल बरं दिसतं, आणि त्याच दिवसांत आतून यकृत खराब होत असतं. कावीळ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. याला नेमका उतारा नाही. म्हणून ‘आता बरा आहे’ म्हणून घरी आणू नका. यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या पुन्हा कधी करायच्या, ते डॉक्टरांना विचारूनच उठा.

जायचं कुठं? म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ. मोठं म्हणजे बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, इथले लोक गोमेकॉ म्हणतात. दिल्लीच्या एम्समध्ये विषमाहिती केंद्र आहे, 1800 116 117, दिवसरात्र चालू. हा आणि 108, दोन्ही नंबर आज फ्रिजवर चिकटवा.

घरमालकाला चावी घेतानाच विचारा, ‘‘हांगा हुंदरांचें वखद घाल्लां काय?’’ वखद म्हणजे औषध. आपणही मराठीत ‘उंदराचं औषध’च म्हणतो, आणि लहान मुलाला औषध म्हणजे आई भरवते ते. आमच्या घरात तेव्हापासून त्याला विषच म्हणतात. आता आम्ही पिंजरा लावतो, आत खोबऱ्याचा तुकडा.