सॅडल हंटिंग: झाडावर चढण्याची पद्धत निवडताना या चुका टाळा

सप्टेंबर संपत आला की ओळखीतल्या ओळखीतून फोन यायला लागतात. "दादा, सॅडल घेतलं. आता चढायला काय घेऊ, एक स्टिक की चार?" (सॅडल म्हणजे झाडावर टांगून बसून हरणाची शिकार करण्यासाठी कंबरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, आणि स्टिक म्हणजे खोडाला बांधायची पायऱ्यांची छोटी काठी.) मी उलट एवढंच विचारतो, की उतरणार कसा? पलीकडे शांतता. दरवर्षी प्रश्न तोच आणि शांतताही तीच, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो आहे.

इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये माझ्याबरोबर रानात येणारे बहुतेक जण हे बापाच्या, आजोबांच्या मागे चालत शिकले. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून शिकारीचं दार बंद होत गेलं. ते योग्यच झालं, पण त्यामुळे आपल्याला हे घरातून मिळालेलं नाही. आपण हंटर सेफ्टीचा कोर्स करतो, परवाना काढतो, आणि चढणं मात्र व्हिडिओ बघून शिकतो. व्हिडिओतला माणूस उन्हात, टी-शर्टवर, सरळसोट खोडावर पाच मिनिटांत वर पोचतो. त्याचं उतरणं बहुधा कापलेलं असतं.

चढण्याकडे बघून पद्धत ठरवणं

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक. सॅडलमध्ये आपण टेदर नावाच्या दोरीने खोडाला बांधलेले असतो, झाडाकडे तोंड, पाय छोट्याशा प्लॅटफॉर्मवर. धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, पण हरणांची खरी धावपळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते, आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बाण सोडता येतो. म्हणजे संध्याकाळची बैठक करणारा माणूस उतरायला लागतो तेव्हा काळोख पडलेला असतो, थंडी शून्याच्या आसपास असते, आणि तीन-चार तास एका जागी राहून अंग आखडलेलं असतं. चढताना तुम्ही ताजेतवाने असता. पद्धतीची परीक्षा उतरताना होते.

माझ्या तिसऱ्या हंगामात मी वन-स्टिकवर गेलो. एकच स्टिक खोडाला बांधायची, तिच्यावर उभं राहून टेदर वर सरकवायचा, टेदरवर बसायचं, स्टिक सोडवून वर घ्यायची, पुन्हा बांधायची. वर पोचल्यावर स्टिक कंबरेला अडकवायची आणि खाली दोरीवरून घसरत यायचं. वजन जेमतेम एका स्टिकचं, म्हणून सगळ्यांना मोह होतो. मलाही झाला. ऑगस्टमध्ये अंगणातल्या मेपलवर सहा-सात वेळा केलं आणि मला वाटलं, आलं.

नोव्हेंबरमध्ये दलदलीच्या काठावरच्या एका रेड ओकवर साधारण अठरा फुटांवर बसलो होतो. चारच्या सुमाराला पावसाची भुरभुर सुरू झाली, पाच वाजता ती गोठायला लागली. अंधार पडल्यावर प्लॅटफॉर्म काढला, दोरीवर वजन टाकलं आणि चार फूट खाली आल्यावर थांबलो. आपणहून थांबलो नव्हतो. सुरक्षेसाठी मारलेली प्रुसिक गाठ, म्हणजे वजन पडलं की दोरीवर आवळणारी गाठ, ओल्या, गोठत्या दोरीवर अशी आवळली की बोटांनी हलेना. हातमोजे काढले तर दोन मिनिटांत बोटं बधिर. वर प्लॅटफॉर्म नाही, खाली चौदा फूट काळोख. सॅडलमध्ये निश्चल लोंबकळत राहिलं की पायांत रक्त साचतं आणि ते जिवावर बेतू शकतं, हे कोर्समध्ये ऐकलं होतं, म्हणून पाय खोडाला टेकवून आलटून पालटून दाबत राहिलो.

सुटका झाली ती कंबरेला लटकणाऱ्या स्टिकमुळे. चाचपडत ती गुडघ्याच्या उंचीला खोडाला बांधली, तिच्यावर उभा राहिलो, गाठीवरचं वजन गेलं, मग गाठ तळहातात धरून ऊब देत सैल केली. चढायला लागली होती पंधरा मिनिटं, उतरायला पाऊण तास. त्या रात्री गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवता आली नाही.

आता माझी पद्धत अशी आहे. ज्या सामानाने वर जातो त्याच सामानाने पायरी-पायरीने खाली येता आलं पाहिजे. दोरीवरून उतरणं ही सोय, दुसरा रस्ता हाताशी हवाच. म्हणून मी वीस इंचांच्या चार स्टिक नेतो आणि त्या झाडावरच राहू देतो. उतरताना एकेक काढत खाली. अंधारात पाऊल पडेल तिथे पायरी असते. वजन चार किलोंच्या आसपास भरतं. लोक टायटॅनियमच्या स्टिक घेऊन ग्रॅम मोजतात. गाडीपासून अर्धा मैल चालायचं असताना दोन किलो वाचवून तुम्ही नक्की काय मिळवता, याचं पटणारं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. दोन-तीन मैल आत जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने वन-स्टिक जरूर शिकावी, पण वर्षभर शिकावी. माझ्या दोरीचं आवरणही आता पॉलिएस्टरचं आहे. ते नायलॉनपेक्षा पाणी कमी पितं.

"एक सेकंदासाठीच तर सोडली"

चढताना कंबरेच्या दोन्ही बाजूंना अडकवून खोडाभोवती घेतलेली दोरी म्हणजे लाइनमन्स रोप. ती खोडाबरोबर वर सरकत जाते, पण मध्ये फांदी आली की अडते. इथे नवशिका काय करतो? दोरी एका बाजूने सोडतो, फांदीवरून घेतो, पुन्हा अडकवतो. मधले ते दोन-तीन सेकंद त्याला झाडाशी बांधून ठेवणारं काहीच नसतं. नेमका त्याच वेळी एक हात दोरीत गुंतलेला असतो आणि नजर पायांवर नसते.

माझा एक जवळचा मित्र असाच बारा फुटांवरून पडला. सिल्व्हर मेपल, सकाळचं दव, ओले बूट. टाचेचं हाड मोडलं. पिशवी झाडापासून दहा फुटांवर ठेवलेली, फोन पिशवीत. ते दहा फूट सरपटत जायला किती वेळ लागला हे त्याला आजही सांगता येत नाही. तो निष्काळजी माणूस नव्हता. त्याने निवडलेलं झाड फांद्यांनी भरलेलं होतं आणि त्याच्याकडे दोरी एकच होती, चूक ती.

उपाय महाग नाही. टेदर सुरुवातीपासून जवळ ठेवा. फांदी आली की आधी टेदर फांदीच्या वर खोडाला बांधा, ओढून ताणा, त्यावर वजन टाकून बघा आणि मगच लाइनमन्स रोप सोडा. काही जण दोन लाइनमन्स रोप वापरतात, तेही छान. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला टेकेपर्यंत कुठली ना कुठली दोरी झाडाभोवती असलीच पाहिजे. यात मी कोणाचं काही ऐकून घेत नाही, माझ्याबरोबर येणाऱ्याने हे पाळलं नाही तर त्याला मी पुन्हा नेत नाही. कोकणात नारळ पाडायला माडावर चढणारा माणूस ज्यांनी लहानपणी पाहिला असेल त्यांनी तो वेग इथे आणू नये. माडाला फांद्या नसतात, आणि त्या माणसाच्या पायांना आयुष्यभराची सवय असते.

टेदरही सैल ठेवू नका. या दोऱ्या फारशा ताणत नाहीत. दोन फूट ढिलाईवर पडलात तर झटका पूर्ण अंगाला आणि दोरी धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला बसतो. टेदर डोक्याच्या उंचीला, ताठ.

झाड न बघता पद्धत घेणं

शॅगबार्क हिकरीची साल लांब पट्ट्यांनी सुटलेली असते. स्टिक बांधली की ती करकरते आणि वजन दिल्यावर सालच हातात येते. बीच या झाडाचं खोड गुळगुळीत, दव पडलं की स्टिक फिरते. कुठल्याही झाडावर स्टिक बांधल्यावर ती खाली खेचून पक्की बसवा, मगच पाय द्या. नुसता पट्टा आवळला म्हणजे काम झालं नाही.

ॲश या झाडाबद्दल कळकळीने सांगतो. एमराल्ड ॲश बोअरर हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो इथेच, आग्नेय मिशिगनमध्ये, २००२ साली. तेव्हापासून रानात मेलेले ॲश उभे आहेत. खोड सरळ, फांद्या कमी, चढायला अगदी मनासारखं दिसतं. पण मेल्यावर त्याचं लाकूड ठिसूळ होतं आणि काहीही न सांगता मोडतं. नोव्हेंबरमध्ये सगळीच झाडं निष्पर्ण असतात, पहाटेच्या अंधारात जिवंत-मेलेलं ओळखू येत नाही. म्हणून मी माझी झाडं सप्टेंबरमध्ये, पानं असताना ठरवतो. सुतारपक्ष्यांनी साल सोलून फिकट झालेलं खोड दिसलं की त्याच्या जवळूनही जात नाही.

फांदीवरून दोरी टाकणाऱ्यांसाठी

वजनाची पिशवी फेकून दोरी फांदीवरून घ्यायची आणि तिच्यावरून चढायचं, ही पद्धत मला आवडते. वाकड्यातिकड्या झाडांवर ती स्टिकपेक्षा बरी. पण दोरीचं दुसरं टोक बुंध्याला बांधलंत तर वरच्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, हे लक्षात ठेवूनच फांदी निवडा. अंधारात दोरी फेकायला जाऊ नका. उन्हाळ्यात बारीक दोरा टाकून ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

खोडात स्क्रू करायच्या पायऱ्या स्वस्त मिळतात. मिशिगनच्या सार्वजनिक जमिनीवर सालीच्या आत घुसणारं काहीही वापरायला बंदी आहे, आणि झाडालाही ते बाधतं.

हार्डवेअरच्या दुकानातले कॅराबिनर (दोरी अडकवायच्या कड्या) आणि दोऱ्या माणसाचं वजन पेलायला केलेल्या नसतात. इथे पैसे वाचवू नका.

स्टिकखाली लोंबणारी पट्ट्याची शिडी, म्हणजे एडर, पहिल्या वर्षी नकोच. पाय स्टिकखाली खोडाकडे आत सरकतो आणि माणूस मागे कलंडतो.

जाड जॅकेट वर गेल्यावर घालता येतं, जाड पँट येत नाही, कारण सॅडलचे पट्टे मांड्यांभोवती असतात. मग पँट घालून सराव करा. बूट, हातमोजे, डोक्यावरचा दिवा, सगळं तेच जे नोव्हेंबरमध्ये असणार. मी दर वर्षी पहिले दहा सराव कंबरेएवढ्या उंचीवर करतो, त्यातले पाच अंधार पडल्यावर. मुलं विचारतात, बाबा इतक्या खाली काय करतोय. पाय जमिनीला टेकतील अशा उंचीवर एखादी गाठ अडकली तर तिचं काय करायचं ते शांतपणे शिकता येतं.

धनुष्य पाठीवर घेऊन चढू नका, नंतर दोरीने वर ओढा. फोन मात्र ओढायच्या पिशवीत ठेवायचा नाही. तो छातीच्या खिशात, चेन लावून. निघताना मी बायकोला झाडाचं नकाशावरचं ठिकाण पाठवतो, आणि सात वाजेपर्यंत "खाली आलो" असा मेसेज आला नाही तर तिने आधी कोणाला फोन करायचा, हे आमचं ठरलेलं आहे.